ठेवलेलं नाव

कॅरव्हॅन सासऱ्यांची.
हातोडीच्या दांड्यावर त्यांचं नाव, गॅसच्या टाकीवर नाव,
चहाच्या डब्याच्या झाकणाखालीसुद्धा,
जणू या ओसाडीत कोणी येऊन डबा पळवणार होतं.
आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद:
छप्पर खाली. पायरी आत. गॅस बंद.
फ्रिजला खिट्टी. बेरिलला हाक.
खाली सही.
यादीखाली सही करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सहाशे किलोमीटर पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता.
दात, स्क्रू, संसार, सगळं खिळखिळं.
मिठात लाल धूळ, पावात लाल धूळ,
टेगनच्या कानामागे इतकी
की बोट फिरवून तिनं मला दाखवलं,
"आई, मी गंजतेय."
युअन हसला नाही. फेब्रुवारीपासून तो
आमच्याशी समोरच्या काचेतूनच बोलतो.
धुळीचा लोट उडवत रोड ट्रेन पुढे गेली
तेव्हा पुटपुटला एक शिवी, थेट वडिलांच्या सुरात,
आणि मागच्या सीटवर बेरिलनं
विणकामातून मान वर केली.

घळ लांबून दिसत नाही.
सपाट माळ, स्पिनिफेक्सच्या टोचऱ्या गाद्या,
पांढऱ्या बुंध्याचं एकच झाड,
आणि मग पायापुढे जमीनच नाही.
बेरिल वरच थांबली, थर्मास आणि माशांची जाळी घेऊन.
आम्ही उतरलो. शिडी, मग ओला दगड,
मग खांद्याएवढी कपार:
हात या भिंतीला, पाय त्या भिंतीला,
खाली पाणी, काळं,
उन्हाची फारशी ओळख नसलेलं.

मर्ना रेंजरच्या गणवेशात होती,
पण हा तिच्या आज्यांचा मुलूख.
म्हणाली, पाण्याला आधी आपलं नाव सांगा.
ओरडू नका, ते बहिरं नाही.
टेगन, युअन. मीही सांगितलं माझं,
गारठ्यात ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.
फ्लिननं स्वतःचं सांगितलं, मग श्वास घेतला
आणि आजोबांचं सांगितलं, पूर्ण,
हातोडीवर आहे तसं, मधल्या अक्षरासकट.
दगडानं ते दोनदा म्हटलं.

घुमणं विरेपर्यंत मर्ना थांबली.
"गेलेल्याचं नाव आम्ही बरेच दिवस घेत नाही, बाळा."
"मग त्याचं काय करता?"
"ठेवतो.
माझ्या भावाचं तीन वर्षं ठेवलंय."

नावं ठेवणं तर आमच्या घरचंच.
रस्त्याला, सरकारला, माझ्या चहाला,
आणि युअनला तर जन्मभर.
आता त्यांचं ठेवायची पाळी त्याची.
तो कपड्यांसकट पाण्यात शिरला,
बुडाला, बराच वेळ,
इतका की मी मोजायला लागले,
आणि निळ्या ओठांनी वर येऊन म्हणाला
"फार गार आहे गं,"
माझ्याकडे बघून.

वर पोचताना बेरिल आम्हाला बोटानं मोजत होती.
चार झाले तरी बोट तसंच.

रात्री फ्लिन हातोडीला चिकटपट्टी गुंडाळत बसला.
"राहू दे रे," बेरिल म्हणाली, "पट्टी महाग असते."
पण थांबवलं नाही तिनं.
मीही ते नाव इथे लिहिलेलं नाही, पाहा.

सकाळी यादी तिनंच वाचली.
छप्पर. पायरी. गॅस. फ्रिज.
बेरिलला हाक, असं वाचून ती थांबली,
पायरीपाशी, चष्मा हातात.
युअननं दोनदा हॉर्न वाजवला.
ती चढली.

खिट्टी दुसऱ्यानं लावली असेल असं प्रत्येकाला वाटलं.
पहिल्याच खड्ड्यात फ्रिज उघडला,
दोन लिटर दूध, लाल धुळीत गुलाबी होत,
दारापर्यंत आलं.
ते जेवढा वेळ बोलले असते
तेवढा वेळ आम्ही सगळे गप्प होतो.